साहेबाची लाल दारू

माझ्या मागणीच्या दिवशी मुलाच्या बापाने पूर्वजांच्या नावाने पानाच्या द्रोणातून दारू सांडली आणि सारवलेल्या अंगणात रक्तासारखा लाल डाग पसरला. माझे काका ताडकन उठले. “हाई दारू शे का रगत?” मुलाचा बाप गडबडला. “सायेबनी दारू शे, दादा. नंदुरबारथून आनी, भलती महाग शे.” “मंग सायेबनी पोर मांगाले जाय!” काका निघालेच. मुलगा मला पसंत होता, पण अशा अपशकुनावर कोण मुलगी देणार? आणि मुलाकडच्याच दारूने मागणी पक्की व्हायची, म्हणून आमच्या घरातली पुढे करता येत नव्हती. तेवढ्यात मुलाच्या आजीने लुगड्याआडून भोपळ्याची तुंबी काढली. “मन्हा हातनी मोहनी शे. वाटवर पेवाले लई उनू.” वाटेत प्यायला आणलेली ती पाण्यासारखी नितळ दारू तिने जमिनीवर ओतली, मोहाचा वास अंगणभर पसरला आणि काका परत बसले. साहेबाच्या दारूची ती बाटली महाग होती, चांगलीही असेल, पण आमच्या कामाची नव्हती. तिचे पैसे वाया गेले, असंच मी आजही म्हणते. लग्न झालं. त्या दिवशी अंगणात बसलेल्यांपैकी आता मी एकटीच जिवंत आहे.