आईचं उटणं आणि माझं नाक

दिवाळीच्या आधी जवाहर चौकातला जडीबुटी विकणारा पंसारी आईला पाहून जरा सावरून बसायचा. ती वाळ्याची मुळं दोन बोटांत मोडायची, नाकाशी धरायची आणि "ये पिछले साल का है, भैया" म्हणून परत करायची. नागरमोथा, कचोरा, सगळ्यांची हीच परीक्षा. तो निमूटपणे आतलं पोतं उघडायचा. मला लाज वाटायची आणि थोडा अभिमानही.

वडिलांच्या बदलीमुळे आम्ही नागपूरहून भोपाळला आलो, तेव्हापासून नेहरू नगरातल्या ओळखीच्या मराठी घरांत आईच्या उटण्याची पुडी जायची. प्रमाण कुठे लिहिलेलं नव्हतं. थोडं घालायचं, वास घ्यायचा, पुन्हा थोडं घालायचं.

गेल्या दिवाळीनंतर आलेल्या एका तापाने तिला वास येणंच बंद झालं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आला नाही. दूध करपलं तरी तिला कळेना. यंदा उटणं राहू दे, असं मी सुचवलं, तर दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

दुकानात तिने नेहमीसारखं मूळ मोडून नाकाशी धरलं. पंसारी निकालाची वाट बघत उभा. "ठीक है," ती म्हणाली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी गुपचूप पिशवी पुढे केली.

घरी मुळं निवडून, वाळवून तिने नेहमीच्या जागी, कपाटात साड्यांच्या खणात ठेवली. त्याच खणात पावसाळ्यात मी डांबराच्या गोळ्या टाकल्या होत्या आणि साफ विसरले होते. पूर्वीच्या आईने दार उघडताच मला फैलावर घेतलं असतं. आता सगळं दळून, वस्त्रगाळ करून, पुड्या बांधून झाल्या, तेव्हा तिने उरलेलं चिमूटभर उटणं माझ्या तळहातावर ठेवलं.

"नीट वास घे. तू खोटं बोलणार नाहीस म्हणून तुला विचारते."

वाळा कुठे नव्हताच, नुसतं डांबर. नेहमीसारखंच झालंय, असं मी सांगितलं. मला माझा भयंकर राग आला आणि तिचाही, विचारलंच कशाला म्हणून.

पहिल्या आंघोळीनंतर फोन आले. काकू, छान होतं हं उटणं. सगळी भली माणसं, माझ्याइतकीच खोटारडी. आई दिवसभर खुशीत होती.

त्या दिवशी मी अंग दुखतंय म्हणून उटणं टाळलं होतं. पाडव्याला सुटका नव्हती. तिने मला पाटावर बसवलं आणि माझ्या पाठीला उटणं चोळत म्हणाली, "पुढच्या वर्षीपासून प्रमाण तू ठरव. तुझं नाक माझ्यावर गेलंय."

मी पाठमोरी होते, तेवढं एक बरं होतं. तरी तिला कळलंच. रडतेस का, तिने विचारलं. वास उग्र आहे म्हणून, असंही सांगता येईना.