पहिलं ताट

हौसामावशी स्वयंपाक कधीच चाखून बघत नसे. मुंबई-पुणे रस्त्याला लागून, कार्ल्याच्या फाट्यावर तिची खानावळ होती, आणि तिच्या मटणाच्या रश्श्यासाठी मुंबईकर गाड्या थांबवत. पण पळीतला थेंब तळहातावर घेऊन जिभेला लावताना मी तिला एकदाही पाहिलं नाही. ती पातेल्यावर वाकायची, डोळे मिटून वाफ घ्यायची आणि म्हणायची, "आलं जरा लाजतंय. घाला आनकी." तेवढं आलं पडलं की रस्सा जमलाच म्हणून समजावं.

चुलीमागच्या भिंतीवर देवीची तसबीर होती. तिच्यापुढं ताट ठेवल्याशिवाय कुणी काही तोंडात घालायचं नाही, मावशीनंसुद्धा नाही. आणि देवीपुढून उचललेलं ताट म्हणजे प्रसाद. त्याला नावं ठेवायची नाहीत. एकदा सुटाबुटातले एक गृहस्थ "मीठ कमी पडलंय" म्हणाले, तर मावशीनं त्यांच्यापुढचं ताटच उचललं. "परसाद हाय ह्यो. ग्वाड लागत आसंल तर बसा, न्हाईतर रस्ता लय मोटा हाय." गृहस्थ गोरेमोरे झाले. पुढच्या आठवड्यात बायकोला घेऊन पुन्हा आले.

मी तेव्हा लोणावळ्याच्या शाळेत मास्तर होतो. कार्ल्यात खोली घेऊन राहायचो आणि दोन्ही वेळा मावशीकडं जेवायचो. देवीपुढचं पहिलं ताट खानावळीतल्या माणसानं खायचं नाही, पाहुण्याला द्यायचं, असा तिचा आणखी एक नियम होता. रोजचा पाहुणा मीच. सात-आठ वर्षं मी ते ताट खाल्लं, आणि तसं जेवण मला पुन्हा कुठं मिळालं नाही.

मावशी मूळची जवळच्याच भाजे गावची. नवरा लवकर गेला, तेव्हा टोपलीत भाकरी-ठेचा घेऊन ती फाट्यावर बसली. एसटीतून उतरणारे लोक उभ्या उभ्या खायचे. टोपलीची झाली टपरी आणि टपरीची खानावळ. मग एका साप्ताहिकात तिचा फोटो छापून आला, रेडिओवर मुलाखत झाली. कुठल्या कुठल्या बायकांची पत्रं येऊ लागली. उत्तरं मी लिहायचो, ती सांगायची. "लिवा मास्तर, वासावर ध्यान ठिवा. जीब तोंडदेखलं बोलती, वास खोटं बोलत न्हाई." पत्राखाली अंगठा उमटवताना ती पदराला हात पुसून घ्यायची.

मग लोणावळ्यात नवं हॉटेल बांधणारे एक शेठ तिच्याकडं आले. स्वयंपाकघर तिच्या ताब्यात द्यायचं आणि हॉटेलला नाव तिचंच द्यायचं, असं त्यांच्या मनात होतं. त्याआधी तीसेक मित्रांना घेऊन ते खानावळीत जेवायला येणार होते. मावशीला काही सुचेना. तिनं पेंटरकडून पाटीसुद्धा रंगवून घेतली. निळ्यावर पिवळी अक्षरं, 'हौसाबाई'. वाचता येत नव्हतं, तरी दिवसातून दहा वेळा ती पाटीपुढं उभी राहायची.

आणि तापानं तिला गाठलं. तीन आठवडे ती अंथरुणाला खिळली होती. उठली तेव्हा निम्मी झाली होती, पण शेठनी दिलेला दिवस जवळ आला होता. एका सकाळी मी गेलो तर चुलीवर दूध करपत होतं आणि मावशी हातभर अंतरावर कांदा चिरत बसली होती. भाकरी थापणारी सखू धावत आली, पातेलं उतरवलं, माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. मी पातेलं उचलून बाहेर नेऊन ठेवलं.

ठरल्या दिवशी तीस माणसं बाहेर बाकांवर बसली होती. आत मावशीनं देवीपुढं ताट ठेवलं, उचललं आणि माझ्या हातात दिलं. पहिल्याच घासाला मला कळलं. वाटणातलं खोबरं खवट होतं. साधासुधा खवटपणा नव्हे, घशाखाली घास उतरेना. मावशी समोर उभी होती. इतक्या वर्षांत जे तिनं कधी विचारलं नव्हतं ते त्या दिवशी विचारलं.

"कसं झालंय, मास्तर?"

तिनं विचारलं तिथंच मला सगळं उमगायला हवं होतं. उमगलंही होतं. पण हातात प्रसाद होता, बाहेर माणसं होती, आणि तिच्या डोळ्यांकडं बघून माझा धीर झाला नाही. सखू भाकरी थापायची थांबली होती.

"उत्तम," मी म्हणालो. "नेहमीसारखं."

ताटं गेली तशी परत आली. प्रसादाला कुणी नावं ठेवली नाहीत, शेठ तर हात जोडून गेले. मावशी एकेक ताट बघत होती. वाट्या तशाच भरलेल्या होत्या. मग तिनं एक वाटी उचलून नाकाशी धरली, खूप वेळ धरली, आणि ठेवून दिली.

शेठ पुन्हा आले नाहीत. गोष्ट रस्त्यानं पसरली आणि गाड्या थांबेनाशा झाल्या. सखू वाटणाचा वास घेऊन सांगायला तयार होती, पण मावशी म्हणाली, "दुसऱ्याच्या नाकानं मला न्हाई रांदता येत." वर्षाच्या आत खानावळ बंद झाली आणि ती भाज्याला परतली.

माझी बदली झाली होती. दोन-तीन वर्षांनी मी तिला भेटायला गेलो. ती फारच थकली होती. कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून ती निळी पाटी लावलेली होती, अक्षरं आतल्या बाजूला. मला बसवून तिनं पिठलं-भाकरी केली. ताट देवीपुढं न ठेवता सरळ माझ्यापुढं ठेवलं.

"कसं झालंय?"

तेल खवट होतं. या वेळी मी खरं सांगितलं. "तेलाला वास येतोय, मावशी."

तिनं ताट हळूच ओढून घेतलं, अंगणात जाऊन कोंबड्यांपुढं टाकलं आणि तिथंच, माझ्याकडं पाठ करून उभी राहिली.

"आता सांगितलंसा व्हय," ती म्हणाली.

त्याच हिवाळ्यात ती गेली.