दीड महिना टोपली नको

ड्रेसिंग रूममध्ये पंचवीस वर्षं काढली की पेशंटची नावं विसरतात, पण त्यांची बोलणी साठत जातात. बोईसरच्या आमच्या छोट्या हॉस्पिटलात नव्वदच्या सुमारास दर गुरुवारी मुंबईहून प्लास्टिक सर्जन यायचे, कारखान्यात भाजलेले हात बघायला. मग हळूहळू बायकाही येऊ लागल्या, ओघळलेली छाती वर उचलून घ्यायला. मी तिथली सिस्टर, तोंडाची फटकळ.

*

एक बाई मासिकातला फोटोच घेऊन आली. डॉक्टरांनी समजावलं, व्रण राहणार. फिके होतील, पण जाणार नाहीत. बाई म्हणाली, फोटोत तर व्रण दिसत नाहीत.

"फोटोतल्या बाईनं ब्लाऊज घातलाय," डॉक्टर म्हणाले.

*

सालवडचा एक फिटर बायकोला घेऊन आला. बायको शांत, घाम यालाच.

"डॉक्टरसाब, दर्द कितना होगा?"

"आपको?"

बायकोचे टाके काढताना तो खरंच चक्कर येऊन पडला. बायकोनंच त्याला पाणी पाजलं!

*

बायका सगळ्यात जास्त रडायच्या त्या पहिल्या ड्रेसिंगला. सूज, काळंनिळं अंग, दोन बाजू दोन तऱ्हेच्या. मी म्हणायचे, अगं, भात उतरवल्याबरोबर कुणी चाखतं का? मुरू दे की जरा वाफेवर. दोन महिन्यांनी त्याच हसत यायच्या.

*

घरी मात्र सगळ्या एकजात 'गाठीचं ऑपरेशन' असं सांगायच्या. दांडी गावची जमनाही तेच सांगून आली. तीन पोरं पाजून मोठी केलेली.

"घरचं कोन काय बोलत नाय. मलाच आरशात बघवत नाय," म्हणाली.

दीड महिना वजन उचलायचं नाही, हात डोक्यावर न्यायचे नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि तिचा चेहरा उतरला. रोज मासळीची टोपली डोक्यावर घेऊन बाजार करणारी ती. आता टोपली सासूच्या डोक्यावर जाणार, आणि खरं कळलं तर सासू घरात उभं करणार नाही, याची तिला धास्ती. तरी तिनं ऑपरेशन करून घेतलं. मला मात्र तिची काळजी लागून राहिली.

दीड महिन्यानं ती तपासणीला आली, सासूबरोबर. जमना आत डॉक्टरांकडे गेली. म्हातारीनं रिकामी टोपली खाली ठेवली, मान चोळली आणि माझ्याजवळ आली.

"सिस्टर, गाठ एकीकडं असते. हिच्या जखमा दोनी बाजूला होत्या. पट्ट्या मीच धुतल्या."

एवढी फटकळ मी, पण नुसती ट्रेमधल्या कात्र्या लावत बसले.

म्हातारीनं एकदा आतल्या दाराकडं बघितलं.

"मला म्हाईत हाय ते तिला सांगू नका. आनि डाक्टरला बोला, अजून एक महिना टोपली नको म्हनून सांगा तिला."