मागे राहिलेली मोरी

प्राण्यांच्या निवाऱ्यात मी रविवारी मदतीला जायचे. तिथे चंपा आणि मोरी या दोन कुत्र्या कायम एकत्र असत. मोरी आंधळी होती. चंपाच्या अंगाला अंग लावूनच ती चालायची. एकदा एक जोडपं चंपाला घरी न्यायला आलं.

"दोघींना न्याल का?" तिथल्या सुनंदाताईंनी विचारलं.

"घर फार लहान आहे हो," ती बाई ओशाळून म्हणाली.

चंपा गाडीत बसली तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. एका जिवाला घर मिळालं होतं आणि दुसऱ्याचा आधार गेला होता. चूक कुणाचीच नव्हती; मग रागवायचं तरी कुणावर?

सुनंदाताईंनी मोरीपुढे दूधभाकरी ठेवली. वास घेऊन ती मागे सरली आणि थांबून राहिली. नेहमी आधी चंपा खायची, मग ती.