पाण्याकडे वळणारी गाडी

पवनीच्या बाजारात कुंताबाई निमजेची कोणी चौकशी केली, तर लोक आधी गाडीचं सांगायचे आणि मग बाईचं. गाडीच तशी होती. लांबलचक, कुंकवासारखी लाल मस्टँग. अमेरिकेतली, जुन्या जमान्यातली. स्टिअरिंग डाव्या हाताला, छप्पर कापडाचं, मागे दुमडून ठेवता येणारं. सुरू केली की शेडचे पत्रे थरथरायचे.

ती उभी केली कुंताबाईच्या नवऱ्याने, घनश्यामने. घराणं विणकरांचं, पण मागावर त्याचं मन कधी रमलं नाही. नागपुरात डेंटिंग-पेंटिंग शिकून त्याने गावाकडे गॅरेज टाकलं. नागपुरातल्याच एका भंगारवाल्याकडे त्याला या गाडीचा सांगाडा दिसला होता. आत कोंबड्या अंडी घालायच्या. ट्रकवर चढवून तो त्याने घरी आणला, तेव्हा कुंताबाईने कपाळाला हात लावला. पण पुढे छपराचं कापड कुठे मिळेना, तेव्हा तिनेच ते विणून दिलं. जाड, दुहेरी सुताचं. तिचा माग खड्ड्याचा होता. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, खाली पायांनी पावड्या दाबायच्या आणि वर हातांनी धोटा फेकायचा. लग्न होऊन आल्यापासून तिचे दिवस त्या खड्ड्याच्या काठावर गेले होते.

मग गोसेखुर्दच्या धरणाचं पाणी चढत आलं आणि त्यांचं सिरसघाट गाव उठलं. मागाची लाकडं बैलगाडीत घालून आणता आली. खड्डा कसा आणणार? नव्या वसाहतीतल्या सिमेंटच्या घरात माग पुन्हा उभा राहिलाच नाही. घनश्यामने मात्र तिथेच पत्र्याच्या शेडमध्ये गाडी पुरी केली. पहिल्या फेरीला तो बायकोला घेऊन जुन्या गावाच्या रस्त्याने गेला. डांबरी रस्ता जिथे सरळ पाण्यात उतरतो, तिथे गाडी थांबवून दोघं बसून राहिली. त्याच हिवाळ्यात कावीळ होऊन घनश्याम गेला.

"आई, गाडी पडून पडून सडून जाईल. इकून टाक," नागपूरला दिलेली लेक, रीना, फोनवर म्हणायची. कुंताबाईलाही ते पटलं. पवनीत मोबाईलचं दुकान चालवणाऱ्या धर्मेंद्रने, म्हणजे घनश्यामच्या भाच्याने, गाडीचे फोटो टाकले आणि गिऱ्हाइकं येऊ लागली.

पहिला आला भंडाऱ्याचा एक हॉटेलवाला. परक्याच्या हाती गाडी एकटी द्यायला कुंताबाईचं मन धजेना, म्हणून ती मागच्या सीटवर बसली. पवनीपर्यंत जाऊन यायचं ठरलं होतं. थोडा वेळ तो हसत-बोलत होता. मग गप्प झाला. जुन्या गावाचा फाटा आला, तशी त्याने गाडी वळवली आणि नीट पाण्याशी नेऊन थांबवली. स्टिअरिंगवर हात ठेवून तो तसाच बसून राहिला.

"बाई, आपण पवनीले चाललो होतो ना?"

"हो जी."

"मंग मी इकडं कायले आलो?"

परत आल्यावर त्याने चहासुद्धा घेतला नाही.

दुसरा गोंदियाचा, तुलाराम नावाचा. जुन्या गाड्या हाताळलेला माणूस. त्याने आधी चाकं, स्टिअरिंग सगळं तपासून घेतलं. तरी तोही फाट्यावर वळला आणि पुढची चाकं पाण्यात शिरली तेव्हा कुठे भानावर आला. रुमालाने मान पुसत म्हणाला, "गाडी वढत नाही, बाई. गाडी अगदी सरळ आहे. मीच वळवली. काहून वळवली, ते मले सांगता येत नाही."

वसाहतीत बोभाटा झाला. घनश्यामचा जीव गाडीत अडकला, असं जो तो म्हणू लागला. कुंताबाईलाही तसंच वाटलं. भीती नाही वाटली. नवऱ्याने चारचौघांत हात धरावा, तशी लाज वाटली. रोज सकाळी ती ओल्या फडक्याने पुढची सीट पुसू लागली.

तिसरं गिऱ्हाईक अनुप धकाते. नागपुरात वरातींसाठी गाड्या भाड्याने द्यायचा. चैत्रातली दुपार होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कुंताबाई नेहमीसारखी मागे बसलेली. तोही वळला. या वेळी पाण्याशी पोचताच इंजिन आपणहून बंद पडलं. वारा नव्हता. पाणी काचेसारखं थिजलेलं. आणि पाण्याखालून आवाज येऊ लागला. खट्-खट्. खट्-खट्.

"इथं कोणाचा पंप चालू आहे का, मावशी?" अनुपने विचारलं.

कुंताबाईने खाली पाहिलं. तिचे दोन्ही पाय, एकानंतर एक, गाडीचा तळ दाबत होते. तिने गुडघे हातांनी घट्ट धरले, खाली उतरली आणि पाण्याकडे तोंड करून म्हणाली, "अवो, आयकून राह्यले का? हिले जाऊ द्या आता. मी बरी आहो. रीनाबी बरी आहे."

आवाज थांबला. किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली. अनुपला गाडी आवडली होती. गाडी घेऊनच तो नागपूरला गेला.

महिनाभराने धर्मेंद्रने त्याला फोन केला. गाडी मजेत होती. प्रत्येक मुहूर्ताला वरात, आणि कुठे म्हणून वाकडं वळण नाही. मोकळा झाला बिचारा, असं म्हणत कुंताबाईने घनश्यामच्या फोटोला हार घातला.

घनश्याम गेल्यापासून गिऱ्हाइकांबरोबरच्या फेऱ्या सोडल्या तर ती वसाहतीबाहेर पडलीच नव्हती. श्रावणात तिला पवनीला डोळे दाखवायला जायचं होतं. धर्मेंद्रने मोटरसायकलवर मागे बसवलं. वाटेत दोघं रीनाच्या घरचंच बोलत होती. बोलता बोलता धर्मेंद्र गप्प झाला. कुंताबाईने मान वर केली, तर समोर पाणी.

"मामी," तो मागे न बघता म्हणाला, "आपण इथं कसे आलो?"

पाण्याखाली, जुन्या खड्ड्यात, माग चालू होता. खट्-खट्. खट्-खट्. फूटरेस्टवरचे तिचे पाय त्याच तालावर खाली-वर होत होते. तेव्हा तिच्या ध्यानात आलं. घनश्याम त्या गाडीत कधी नव्हताच. दर खेपेला गाडीत ती होती. जे बोलावत होतं, ते तिलाच बोलावत होतं.

"तू जाय," ती उतरत म्हणाली. "मी पायदळ येतो."

ही गोष्ट आपण कोणाला सांगितली नाही, असं धर्मेंद्र म्हणतो, पण ती पसरली. आता ऑटोवाले तिला पाहिलं की ऑटो भरला म्हणतात. तीही आग्रह करत नाही. उन्हातान्हात पवनीला चालत जाते. फाट्यावर पाय अडखळतात, क्षणभर उभी राहते, मग पुढे निघते.

गेल्या दिवाळीला रीनाने फोनवर हट्टच धरला. "आई, कायमची माह्याजवळ राहाले ये."

"येतो ना," कुंताबाई म्हणाली. "पण मले नेशील कशात?"