पिशवी काढली म्हणून सांगितलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला अर्धंमुर्धं माहीत आहे, लेकीला काहीच नाही — देवापुढं हात जोडले तेव्हाही एवढं गाळूनच जोडले. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही माझे सोयरे नाही, म्हणून.

माझी आई अंडाशयाच्या कॅन्सरनं गेली. माहेरी वडगाव रासाईत म्हणायचे, पोटात पाणी झालं. तिची बहीणही तशीच गेली होती. आईनंतर पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त तपासलं — आईचा दोष माझ्यात उतरला होता. त्या म्हणाल्या, अंडाशयं आताच काढून टाका. आणि धाकट्या बहिणीला, लेकीला तपासायला पाठवा, त्यांच्यातही असण्याची शक्यता निम्मी आहे. नीट समजावून सांगितलं हो! मला कळलंच नाही म्हणायची सोय नाही.

मी ऑपरेशन करून घेतलं. वरवंडला सासरी सांगितलं, पिशवी काढली. आमच्याकडं चाळिशीच्या बाईनं पिशवी काढली तर कोण विचारतं, कशाला काढली म्हणून? बायका बघायला आल्या, चहा पिऊन गेल्या.

आणि शोभाला? माझ्या पाठच्या बहिणीला? — तिलाही तेच सांगितलं.

कारण सांगते, सबब म्हणून नव्हे. शोभा तळेगाव ढमढेऱ्यात दिलेली. तिच्याच थोरल्या दिराच्या मुलाशी माझ्या लेकीची सुपारी फुटली होती. बागायती घर, एकुलता एक मुलगा. हा रोग आईकडून लेकीकडं उतरतो, हे त्यांच्या कानावर गेलं असतं तर? आमच्यात आधी घराणं खणून काढतात, मग मुलीचं तोंड बघतात. आणि शोभाच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. म्हटलं, लग्न होऊ दे, मग सांगू. लग्न झालं. मग लेकीला दिवस गेले — म्हटलं, बाळंतपण होऊ दे. मग? मग काय, इतके दिवस का नाही बोललीस, या प्रश्नालाच मी भ्याले. बहिणीच्या जिवापेक्षा मला माझी अब्रू प्यारी झाली. थू माझ्या अब्रूवर.

पोट फुगायला लागलं तेव्हा शोभा गॅस समजून ओवा चावत होती. फोनवर म्हणाली, "आक्का, तुझी पिशवी काढली तवा असंच व्हत व्हतं का गं?"

"न्हाई. दवाखान्यात जा," म्हणाले. तेव्हाही एवढंच! ती तपासायला गेली तोवर सगळीकडं पसरलं होतं.

शेवटी शेवटी तिनं माझा हात धरला. "माझ्या पोरीला तर न्हाई ना व्हायचं?"

"न्हाई गं. येडी हायस का?" — हे मी म्हणाले. मरणाऱ्या बहिणीला.

दहाव्याला घाटावर बायकांनी शोभाच्या मुलीला माझ्याकडं ढकललं. "रडू नगं पोरी. माय मरो, मावशी जगो म्हंत्यात."

पोर माझ्या गळ्यात पडली. मावशी जगलीच होती, धडधाकट. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तिला आणि माझ्या लेकीला मी अजून काही सांगितलेलं नाही.