कव्हरातली दुसरीच रेकॉर्ड

अंबादास पगारेच्या घरी पाहुण्याला आधी पाणी मिळायचं नाही, गाणं मिळायचं. बायको द्रौपदी स्टोव्ह पेटवेपर्यंत हा बाबा रेकॉर्ड लावून मोकळा. घाटकोपरच्या टेकडीवरची एवढीशी खोली, तिच्यात कपाट एकच, आणि त्यात कपड्यांपेक्षा रेकॉर्डी जास्त. नावाजलेलं मात्र त्यात काही शोधून सापडलं नसतं. कुणा विसरल्या गेलेल्या शाहिराची भीमगीतं, आपटलेल्या सिनेमांची गाणी, तमाशातल्या एखाद्या बाईने एकदाच मुंबईला येऊन भरलेल्या लावण्या. रेडिओवर उठताबसता लागतं ते त्याला नकोच असायचं. ‘‘त्याला सगळं जग आहे,’’ तो म्हणायचा. ‘‘याला कोण आहे? आपणच ना?’’

त्याच्यासारखाच दुसरा वेडा म्हणजे वर्सोव्याच्या कोळीवाड्यातला अनंता. पार्ल्यात भाऊरावांच्या जुन्या सामानाच्या दुकानात दोघांनी एकाच रेकॉर्डला हात घातला, तिथून ही दोस्ती. भांडणातूनच सुरू झाली आणि भांडणावरच टिकली. दर रविवारी त्याच दुकानाच्या पायरीवर बसायचं, आपली एक रेकॉर्ड त्याला द्यायची, त्याची एक आपण न्यायची. पुढच्या रविवारी परत करताना नुसतं ‘झकास’ म्हणून चालायचं नाही. रेकॉर्डच्या मालकाच्या लक्षात न आलेली एक तरी गोष्ट सांगायची. मग मालक म्हणणार, ‘‘हॅट, तुझ्या कानात बोळे घातलेत काय रे!’’ आणि जुंपायची. भाऊराव गल्ल्यावरून ओरडायचे, ‘‘अरे, गिऱ्हाईक घाबरतंय!’’ या दोघांना पत्ता नाही.

आता बोळ्यांचं म्हणाल तर ते घातले असते तर बरं झालं असतं. अंबादास साकीनाक्याच्या एका कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर होता. उभी हयात त्या धडाडधूममध्ये गेली. कानांसाठी म्हणून मालकाने कधी चिंधी दिली नाही, आणि यानेही मागितली नाही. मागणारा नाजूक ठरायचा. हे सांगतानाही चीड येते.

कान एकदम गेले नाहीत. आधी टाळ गेले, मग बासरी, मग बायकांचे आवाज. ढोलकी बरेच दिवस सोबतीला राहिली. पंच्याऐंशी सालच्या दिवाळीपर्यंत तीही गेली. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं की आतली नस मेली आहे, कानाच्या यंत्राचा फारसा उपयोग व्हायचा नाही. द्रौपदी रडली. अंबादासने तिला एवढंच बजावलं, ‘‘अनंताला सांगायचं नाही.’’

का, ते तिला विचारावं लागलं नाही. कारखान्यात त्याचा शब्द कुणी विचारत नव्हतं, चाळीत नळावरसुद्धा नाही. पण ‘ही ऐक’ असं अंबादासने म्हटलं की वर्सोव्याचा एक माणूस मासळीच्या कामाचा घाम न पुसता ती ऐकायला धावत होता. बहिऱ्याच्या शिफारशीला कोण धावणार? म्हणून तो रविवार चुकवत नव्हता. अनंता मुळातच तोंड फाडून ओरडून बोलणारा, होडीवरची सवय. त्याच्या ओठांकडे बघत अंबादास वेळ मारून नेत होता. रेकॉर्ड घरी आणायचा, कव्हरामागचा मजकूर वाचायचा, त्यावरून काहीतरी रचायचा. रेकॉर्ड बाहेर काढायचंच त्याने सोडून दिलं होतं. हलत्या सुईकडे नुसतं बघत बसणं सोसवत नव्हतं.

एका रविवारी अनंताने सांगलीकडच्या एका बाईंच्या लावण्यांची रेकॉर्ड दिली. पुढच्या रविवारी अंबादास पायरीवर टेकला आणि अनंताला तोंड उघडू न देता सुरू झाला, ‘‘दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं ऐकलंस का नीट? बाई शेवटी जो वर आवाज लावते ना, त्यात रडणं आहे रे. लावणी नाहीच ती.’’

अनंताचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. अंबादास भांडणाची वाट बघत होता. पण अनंताने मान हलवली. ‘‘खरं हाय,’’ तो म्हणाला. मग म्हणाला, ‘‘राहू दे ती. तुलाच ठेव.’’

इतक्या वर्षांत कुणी कुणाला रेकॉर्ड कायमची दिली नव्हती. अंबादास ती काखेत मारून घरी आला, पण त्याला चैन पडेना. दारातच उभं राहून त्याने ती कव्हरातून बाहेर काढली. मधल्या गोल कागदावर कुणा वाजंत्र्याचं नाव होतं आणि खाली ‘सनई’ असं छापलेलं होतं. नुसती सनई. गाणारी बाई त्या रेकॉर्डमध्ये कुठेच नव्हती. तिची रेकॉर्ड अनंताच्या घरीच राहिली असणार, आणि तेच सांगायला तो आला असणार.

खोटं पकडलं गेल्याची लाज होतीच, पण जिव्हारी लागलं ते ‘खरं हाय’. सनईतल्या एका सुरावरून हमरीतुमरीवर येणारा अनंता त्याचं ऐकून घेऊन होला हो म्हणाला होता. वेड्याचं बोलणं ऐकून घेतात तसं.

दुसऱ्या दिवशी खाडा करून तो वर्सोव्याला गेला. अनंता अंगणात जाळं शिवत बसला होता. त्याची बायको सगुणा उठून आत गेली. अंबादास उभ्यानेच म्हणाला, ‘‘मला ऐकू येत नाय रे. काहीच नाय.’’ आपला आवाज केवढा लागला, हेही त्याला कळलं नाही. शेजारच्या दोन बायका वळून बघायला लागल्या, म्हणजे मोठाच लागला असावा.

अनंताने सुई खाली ठेवली. डोळे पुसले. मग अंबादाससमोर येऊन, त्याला ओठ दिसतील असं सावकाश बोलला, ‘‘मंग काय झालं? तू ऐकलंयस ना एवढं. तू सांगत जा, मी ऐकत जाईन. बोल, आता कुठली ऐकू?’’

अंबादास जाळ्याशेजारी बसला आणि आठवू लागला. शाहिराची भीमगीतं, ती दिली होती. आपटलेल्या सिनेमांची सगळी दिली होती. जत्रेतली, लग्नातली, कुठल्या कुठल्या गावच्या भजनी मंडळाची. अनंता समोर वाट बघत होता. अंबादास आठवत राहिला. त्याने आयुष्यात जे जे ऐकलं होतं, ते सगळं अनंताला केव्हाच ऐकवून झालं होतं.